आधी वर्षभर विहिरी मोजा, मग आरओचं बघू

संपादक महोदय,

मनोरीला मुंबई महापालिकेने समुद्राचं पाणी गोडं करायचा रोज 20 कोटी लिटरचा प्रकल्प ठरवलाय, पण ते पाणी शहराला प्यायला, गोराई-मनोरी-उत्तनच्या शेतीला त्यातलं काही मिळेल असं वाटत नाही. मग विहिरींचं मचूळ पाणीच आरओ करून, म्हणजे प्रेशरने मेंब्रेनमधून (बारीक पडद्यातून) गाळून क्षार काढून, भाजीला का देऊ नये? मला तर हे पटतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार आणि मचूळ विहिरीत समजा 3-5, त्यामुळे प्रेशर कमी लागतं, लाईटबिलही बरंच कमी येतं.

पण विहीर नीट तपासतं कोण? पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर एकदा बुडवला की झालं! अहो, दिवाळीतलं पाणी आणि मे महिन्यातलं पाणी एक नसतं. बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं असेल तर खाली साधारण 40 मीटर असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे उपसून पातळी अर्धा मीटर जरी उतरली तरी खालचं खारं पाणी हळूहळू 20 मीटर वर चढू शकतं, आणि मशीन तर आपण आजच्या आकड्यावर घेऊन बसलेलो. पंपिंग टेस्ट, म्हणजे ठरावीक वेळ उपसा करून पातळी आणि क्षार मोजणं, केल्याशिवाय हे कळणार नाही.

दुसरं, रिजेक्ट पाणी, म्हणजे आरओमधून मागे उरणारं खारट पाणी. 100 लिटरमधले 75 गोडे काढले तर उरलेल्या 25 लिटरमध्ये क्षार चौपट होतात, ते सोडणार कुठे, शेजाऱ्याच्या बांधावर? स्पेनच्या कार्ताखेना भागात शेतकऱ्यांनी भूजल असंच गोडं केलं, नायट्रेटवालं रिजेक्ट आणि शेतातलं खताचं पाणी मार मेनोर खाडीत गेलं, 2016 ला तिचं पाणी शेवाळाने हिरवंगार झालं आणि 2019 ला मासे मरून किनाऱ्याला लागले. आपल्याकडे खाडीवर कोळ्यांची घरं चालतात.

माझी मागणी एवढीच की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने इथल्या काही विहिरी निवडून पूर्ण वर्षभर, मे धरून, खोलीनुसार क्षार मोजावेत, सोबत सोडियम आणि बोरॉनही, कारण बोरॉन मेंब्रेनमधून बऱ्यापैकी निसटतं आणि घेवड्यासारख्या पिकाला सोसत नाही. आकडे ग्रामस्थांसमोर लावा. पालक-बीटला विहिरीचं आणि आरओचं पाणी मिसळूनही चालतं, मग मशीन लहान पुरेल, पण किती लहान ते त्या आकड्यांवरच ठरेल.

– एक शेतकरी वाचक, गोराई