परवाना आहे, पण रिव्हॉल्व्हर रिकामे करता येते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की मुंबईतले बरेच परवानाधारक आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करतात. मी पोलीस दलात शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे हत्यारे तपासणारा आणि दुरुस्त करणारा होतो, आता निवृत्त आहे. त्या दिवसांत ठाण्याच्या टेबलावर जी रिव्हॉल्व्हर येत, ती पाहून धडकी भरे. काडतुसे भरायचा फिरता सिलिंडर गंजून बसलेला. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवी पुटे. भरलेले हत्यार समोरच्या कारकुनाच्या पोटावर रोखून, "साहेब, हे तेवढे रिकामे करून घ्या, आम्हाला जमत नाही," म्हणणारे पेढीवाले आणि बिल्डर मी पाहिले आहेत. चांगली, शिकलेली माणसे. परवाना चोख, नूतनीकरण वेळच्या वेळी. फक्त विकत घेतल्यापासून एक गोळीही झाडलेली नाही.

हे पुन्हा वर यायला कारण झाला गेल्या थंडीतला एक दिवस. ॲरिझोना राज्यात फिनिक्सला माझा भाचा असतो. त्याच्याकडे पॉइंट चव्वेचाळीस मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर आहे. "मामा, जन्मभर हत्यारे दुरुस्त केलीत, हे एकदा चालवून बघा," हा त्याचा आग्रह. पर्यटक व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसाला तिथे बंदूक हातात घ्यायची तर शिकारीचा परवाना जवळ असावा लागतो, त्यांच्या केंद्राचा तसा कायदा आहे. तो रीतसर काढला आणि शहराच्या उत्तरेला बेन ॲव्हरी नावाची रेंज आहे तिथे आम्ही सकाळी पोहोचलो. ही रेंज कोणा श्रीमंतांच्या क्लबाची नाही. राज्याचे वन्यजीव खाते ती चालवते, फी भरून सामान्य माणूस जातो.

या रिव्हॉल्व्हरची ताकद वाचकांना कळावी म्हणून थोडे सांगतो. स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन या कंपन्यांनी १९५५-५६ च्या सुमारास हे काडतूस आणले. तिकडे ते हरणाच्या, रानडुकराच्या शिकारीला वापरतात. गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची आणि सेकंदाला चारशे मीटरच्या वर वेग. आपल्याकडे परवान्यावर सर्रास दिसते ते कानपूरच्या कारखान्याचे पॉइंट बत्तीस. त्याची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर, वेग जवळपास निम्मा. हिशेब केला तर चव्वेचाळीसचा तडाखा बत्तीसच्या किमान सातपट होतो. हत्यारही तसेच भक्कम, सव्वा किलोच्या वर वजनाचे. आमच्या खात्यातली जुनी पॉइंट अडतीस माझ्या हाताखालून शेकड्यांनी गेली, पण हे उचलताच मनगटाला फरक कळला.

रेंजवर देखरेखीला माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. मी पोलिसात होतो हे भाच्याने सांगितले. त्यांनी हसून नमस्कार केला आणि तरीही सगळे नियम पहिल्यापासून ऐकवले. नळी कायम समोरच्या बांधाकडे. निशाणा धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, फ्रेमवर सरळ. मग त्यांनी माझी पकड पाहिली आणि डाव्या हाताचा अंगठा मागे घ्यायला लावला. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. गोळी सुटताना तिथून तापलेला वायू दोन्ही बाजूंना झोताने बाहेर पडतो. अडतीसला चटका बसेल, मॅग्नमला अंगठ्याचे मांस फाटते. मला हे ठाऊक होते, पण त्यांनी पाहिले, तपासले, मगच पुढे जाऊ दिले. माझ्या हुद्द्याने त्यांच्या कामात काहीच फरक पडला नाही, याचा मला फार आदर वाटला.

"पहिल्यांदा एकच काडतूस, मामा," भाचा म्हणाला. सिलिंडरची घरे सहा, भरले एकच. याला कारण आहे. एवढ्या ताकदीचे हत्यार उसळले की नवखा माणूस घाबरून मूठ आवळतो, आवळताना चाप पुन्हा ओढला जातो, आणि दुसरी गोळी सुटते तेव्हा नळी आभाळाकडे किंवा त्याच्याच डोक्याकडे वळलेली असते. सिलिंडरमध्ये एकच काडतूस असेल तर घोडा रिकाम्या घरावर पडतो, इतकेच.

चाप ओढला. आवाज कानावरचे मफ भेदून छातीत जाणवला. नळी कपाळाच्या उंचीला आली, मूठ तळहातात फिरली, कोपर आपोआप दुमडले. पंचवीस यार्डांवरच्या कागदाला भोक पडले होते, काळ्या वर्तुळाच्या जरा वर. त्यानंतर आम्ही पॉइंट चव्वेचाळीस स्पेशल ही सौम्य काडतुसे वापरली. ती त्याच हत्यारात चालतात, काडतुसाची पितळी पुंगळी फक्त आखूड असते. हात बसल्यावर पुन्हा मॅग्नमवर आलो.

भाच्याच्या गोळ्या मात्र सारख्या खाली जात होत्या. मग मी आमच्या सरावातला जुना उपाय केला. त्याला पाठ फिरवायला सांगून सिलिंडरमध्ये चार जिवंत काडतुसे आणि दोन झाडलेल्या पुंगळ्या घातल्या, चक्कर देऊन बंद केला. कुठल्या घरात काय, त्याला माहीत नाही. घोडा पुंगळीवर पडला, आवाज नाही, धक्का नाही, तरी नळी दोन बोटे खाली झुकली. धक्का येणार या भीतीने हात आधीच दचकत होता. डोळ्यांनी पाहिल्यावर त्याला पटले. दुपारपर्यंत त्याचा हात स्थिरावला आणि गोळ्या वर्तुळात येऊ लागल्या. हा दचका ज्याने कधी गोळी झाडली नाही त्या प्रत्येकाच्या हातात असतो, आणि रेंजवर घालवला नाही तर जात नाही.

थोड्या थोड्या वेळाने गोळीबार थांबवण्याचा पुकारा होई. प्रत्येकाने हत्यार रिकामे करून, उघडे टेबलावर ठेवायचे आणि रेघेच्या मागे उभे राहायचे. देखरेखीची माणसे एकेक टेबल पाहत जात. लोक समोर जाऊन कागद बदलत तेवढा वेळ कोणी हत्याराला बोटही लावत नव्हते. त्यात आजोबा होते, कॉलेजची मुले होती, पण नियमाला कुरकुर कोणाचीच नाही. अमेरिकेत बंदुकांमुळे काय होते ते आपण रोज वाचतो, आणि तिथली मोकळीक इथे यावी असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्या रेंजवरची शिस्त आपल्या परवानाधारकांना लागायलाच हवी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत एका नामवंत अभिनेत्याला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी पायात लागली. प्रसिद्ध माणूस, म्हणून बातमी झाली. रिव्हॉल्व्हरचा घोडा कुठे टेकतो, ते पडले तर काय होऊ शकते, कपाटात ठेवण्याआधी सिलिंडर उघडून सगळी घरे का पाहायची, हे घरोघरच्या परवानाधारकांपैकी कितीजणांना कोणी हाताला धरून दाखवले आहे? आणि वेळ आलीच, तर दचकणाऱ्या हाताने झाडलेली गोळी या शहरात जाणार कुठे? आपल्याकडे दोन घरांमध्ये अनेकदा प्लायवूडचे पार्टिशन किंवा पत्रा असतो. पलीकडे मूल झोपलेले असते.

शस्त्र नियम २०१६ मध्ये अर्जदाराने सुरक्षा-प्रशिक्षण घ्यावे अशी तरतूद आहे. हाताळणी, गोळीबाराची पद्धत, निगा, साठवण, सगळे त्यात येते. पण ते परवाना मिळण्याआधीचे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. हे योग्यच झाले. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच केली. म्हणजे हत्यार कपाटात पाच वर्षे पडून राहिले तरी चालते.

माझी पोलीस आयुक्तांना आपल्यामार्फत विनंती आहे. नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक परवानाधारकाला त्याच्याच हत्यारासह फायरिंग बटावर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर बोलवा. आर्मररसमोर ते त्याने स्वतः रिकामे करून दाखवावे, तपासावे, भरावे, थोड्या गोळ्या झाडाव्यात. गंजलेले हत्यार आर्मररने तिथेच बाजूला काढावे. ज्याला जमणार नाही त्याला शिकवावे, आणि शिकूनही जमले नाही तर परवाना पुढे चालू ठेवू नये. मग तो कितीही मोठा माणूस असो.

पैशाचे विचाराल तर अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवर दहा-अकरा टक्के केंद्रीय कर आहे, त्यातून आता वन्यजीव रक्षणाबरोबर सार्वजनिक रेंज आणि प्रशिक्षणालाही निधी मिळतो. इथे तेवढेही नको, नूतनीकरणाच्या शुल्कात वाढ केली तरी भागेल. वरळीच्या रेंजवर एअर रायफल शिकायला येणाऱ्या पोरासोरांनाही पहिल्या दिवशी आधी सुरक्षेचे धडे मिळतात. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते याच शिस्तीच्या वाटेने. खेळणाऱ्या मुलांना जे सक्तीचे आहे, ते कमरेला भरलेले रिव्हॉल्व्हर लावून लग्नाला जाणाऱ्यांना का नाही?

शिकवायला मनुष्यबळ नाही असे उत्तर येईल. मुंबई-ठाण्यात निवृत्त आर्मरर बरेच आहेत, आणि बहुतेकांचे हात अजून चालतात. मी स्वतः रविवारी यायला तयार आहे. मानधन नको, फक्त बटावर सावली आणि पाणी असावे.

आपला,
एक निवृत्त आर्मरर, काळाचौकी, मुंबई
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये)