कॅसेट माझ्याकडे आहेत

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

माळ्यावरच्या पेटीतल्या ३१ कॅसेट मी पुण्याला घेऊन आले. विचारलं असतं तर बाबा "राहू दे गो" म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. रागावू नका. फोंड्याच्या पावसाने चार फितींवर पांढरी बुरशी धरलीय. तशाच लावल्या तर बुरशी टेपच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटीत जाते. त्या चार वेगळ्या, कोरड्या ठेवल्यात. बाकीच्यांचे मागचे कान मोडले, आता वर चुकूनही रेकॉर्ड होणार नाही.

कॅसेटींच्या संगणकावर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर वेव्ह (आवाज न दाबता ठेवणाऱ्या) फाइल केल्या. तासाच्या कॅसेटला साधारण एक जीबी लागते. उधळपट्टी नाही हो ही. एमपी३ मध्ये आवाजाचा जो भाग जातो, तो पुन्हा मिळत नाही. मूळ फाइलीत खरखर तशीच ठेवलीय, घुमट वाद्याच्या थापेआधीचा आजीचा खोकलासुद्धा. साफ केलेली प्रत वेगळी आहे.

नावात वर्ष आधी घातलंय: '१९८७-चवथ-आरती-बाजू२'. म्हणजे फाइली आपसूक ओळीत लागतात. बाबा, तुम्ही नावं बदलू नका, चुकलं असेल तर वहीत लिहून ठेवा.

एक प्रत माझ्या संगणकावर, एक क्लाउडवर, तिसरी तुमच्या डिस्कवर. क्लाउडचं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इथे पुसलं की तिथेही पुसतं. म्हणूनच ती डिस्क हवी. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बाहेरच्या भिंतीच्या कपाटात नको. विजा चमकताना जोडू नका. काढण्याआधी 'इजेक्ट' दाबा, ओढून काढू नका. गणपतीत चवथीला आले की चेकसमच्या (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) यादीशी एकेक फाइल ताडून पाहीन.

आई, तुझ्या सोप्यावरच्या स्पीकरसाठी वेगळी पेनड्राइव्ह पाठवलीय. तिच्यात एमपी३ च आहेत, ऐकायला पुरे. ती फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलीय, नाहीतर तो स्पीकर वाचत नाही. नावापुढे ०१, ०२ आहे, त्याच क्रमाने वाजेल. चहा घेऊन बस आणि एकच बटण दाब. बाबांनी झोपेच्या गोळीआधी आवाज कमी करायचा, शेजाऱ्यांना सकाळी लवकर उठायचं असतं.

बाबा, तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला घुमट कोण वाजवतंय? मला मोठे काका वाटतात. पण मधेच लय चढते, तसं तर तुम्हीच करायचात. फोनवर सांगा, नावात घालते.

तुमची,
बाय