चिंचेनं घासलेली पेनी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, बंद झाली आणि आता जुन्या पेनीला लाखोंचा भाव येणार, अशा अर्थाची बातमी आपल्या दैनिकात वाचली. त्याच रात्री वाईहून भाच्याचा फोन. "मामा, तिकडं आहातच तर पोतंभर गोळा करून आणा." मी सध्या न्यू जर्सीत मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलोय. पोतंभर नाही, पण बरणीभर पेन्या मी खरोखरच एकेक करून निवडल्या आहेत. तेव्हा चार ओळी लिहिण्याचा अधिकार आहे असं समजतो.

मी एसटीत ३४ वर्षं वाहक होतो. निवृत्त झालो २०११ ला, आणि त्याच वर्षी ३० जूनला चार आणेही सेवेतून गेले. पसरणीच्या घाटात गाडी वळणं घेत असताना, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, हातावर पडलेलं नाणं न बघता ओळखायची सवय लागली ती अजून सुटलेली नाही. खोटा रुपया आला की तिकिटांच्या ट्रेवर आपटायचा. आवाजच सांगायचा.

इथं जावई रोज संध्याकाळी खिशातली मोड लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकतात. पेनीला कोणी विचारत नाही. रस्त्यात पडलेली असली तरी लोक वाकत नाहीत. (मी वाकतो. मुलगी दुसरीकडे बघते.) मुळात ती 'बंद' झाली म्हणजे बाद झाली असं नाही. १७९३ पासून पडत आलेलं हे नाणं. एक सेंटची पेनी पाडायला सरकारला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च यायला लागला, म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली. दुकानात ती आजही चालते.

मग ठेवण्यासारखी कुठली? पहिली खूण सालाची. १९८२ च्या आधीच्या पेनीत ९५ टक्के तांबं, वजन ३.११ ग्रॅम. तांबं महागलं तेव्हा १९८२ मध्ये जस्ताची पेनी आली, तांब्याचा फक्त वरून मुलामा, वजन अडीच ग्रॅम. गंमत अशी की त्या एका वर्षात दोन्ही जातींच्या पेन्या पडल्या आणि दिसायला दोन्ही सारख्याच. मुलीचा केकचा काटा पुरे ग्रॅमच दाखवतो. एक पेनी ठेवली की कधी २, कधी ३. त्याच्यावर कसला भरवसा? दहा-दहाच्या चळती लावल्या तेव्हा ३१ आणि २५ असे चोख आकडे आले. पण १९८२ च्या सुट्ट्या पेन्यांना चळतीचा उपयोग नाही. शेवटी आपली जुनीच विद्या. स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यावर वीतभर उंचीवरून पेनी सोडायची. तांब्याची असेल तर 'टिंग' करून वाजते आणि आवाज जरासा रेंगाळतो. जस्ताची 'टक्' म्हणते आणि गप्प बसते. नात शेजारी पाठ करून उभी राहायची आणि नुसतं ऐकून सांगायची. दुसऱ्या दिवशी तिच्या चुका माझ्याहून कमी. जस्ताच्या पेनीची आणखी एक ओळख म्हणजे मुलामा कुठं खरवडला की आतून कुजते, फोड येतात, पांढरं फुटतं. तांब्याची काळी पडते, पण धड राहते.

चार दुपारी खर्ची घालून १,१६४ पेन्या निवडल्या. त्यांतल्या तांब्याच्या २०३. नऊ कॅनडाच्या निघाल्या, मेपलच्या पानांच्या. तिकडं २०१२ मध्येच पेनी पाडायचं थांबवलं. आता हिशेब बघा. तांब्याच्या पेनीतल्या धातूची किंमत तीन सेंटांच्या आसपास धरली, तर माझ्या २०३ पेन्यांचे होतात सहा डॉलर. पाच-सहाशे रुपये. आणि तेही कागदावरच, कारण पेनी वितळवायला इथं २००६ च्या डिसेंबरपासून बंदी आहे. दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. प्रवाशाला अशी नाणी देशाबाहेर नेता येतात तीही सर्वसाधारणपणे पाच डॉलरपर्यंतच. म्हणजे ५०० पेन्या, दीड किलो. भाच्याचं पोतं तिथंच फाटलं. आपल्याकडेही २०११ च्या नाणे कायद्यानं नाणी वितळवणं गुन्हाच आहे, हे जाता जाता.

धातूपेक्षा संग्राहकांकडे थोडा जास्त भाव मिळतो, पण तो साल आणि टांकसाळ यांच्या जोडीवर असतो. १९०९ ते १९५८ च्या पेनीवर मागं गव्हाच्या दोन ओंब्या आहेत. आमच्या बरणीत अशा सहा सापडल्या. सालाखाली डी असेल तर डेन्व्हर, एस असेल तर सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. एका २०१७ मध्ये मात्र फिलाडेल्फियानंही आपलं पी अक्षर टाकलं. आपल्या नाण्यांचंही असंच. सालाखाली हिऱ्यासारखी चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, कोरं असेल तर कोलकाता. १९०९ ची, एस अक्षराची आणि मागं कारागिराची व्ही. डी. बी. ही आद्याक्षरं असलेली पेनी फक्त ४,८४,००० पडली, कारण त्या अक्षरांवरून ओरड झाली आणि ती लगेच काढून टाकली. तिला आज शेकडो डॉलर मिळतात. बाकी बहुतेक ओंबीवाल्या पाच-दहा सेंटांच्या.

माझ्या सहांत एक १९२४ ची, डी अक्षराची होती. काळीकुट्ट. साल नीट दिसेना, म्हणून मी आपलं देवाच्या तांब्याला करतो तसं केलं. चिंच भिजवली, मीठ घेतलं, अंगठ्यानं चांगली दहा मिनिटं घासली. लखलखीत! घरात सगळ्यांना दाखवली. शनिवारी जावयांबरोबर नाण्यांच्या दुकानात गेलो. म्हातारा दुकानदार, माझ्याच वयाचा. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, पेनी दिव्याखाली तिरकी केली, आणि विचारलं काय तर, "घासली कोणी?" मी म्हटलं, मीच. त्यानं पाच डॉलर सांगितले. न घासता आणली असती तर वीस दिले असते म्हणाला. जुन्या नाण्यावरचा तो काळसर थर हाच त्याचा दाखला असतो, तो आपण धुऊन टाकतो. मी पेनी परत खिशात घातली.

लाखांची पेनी नसतेच असं नाही. १९४३ मध्ये युद्धासाठी तांबं हवं होतं, म्हणून पेन्या पोलादाच्या पाडल्या. जुने तांब्याचे काही तुकडे चुकून त्या साच्याखाली गेले आणि तशी मोजकीच नाणी आज माहीत आहेत. त्यांना दोन लाख डॉलरच्या वर किंमत आलेली आहे. पण पोलादी पेनीला तांब्याचा मुलामा देणारे आणि १९४८ मधला ८ कोरून ३ करणारे महाभाग त्याहून जास्त. पहिल्या लबाडीला नातीचं फ्रिजवरचं चुंबक पुरतं, पेनी चिकटली की खेळ खलास. त्याच १९४३ साली, त्याच युद्धात धातू वाचवायला आपल्याकडे भोकाचा पैसा आला होता. आईच्या बटव्यात दोऱ्यात ओवलेले सात होते. ते मात्र कोणी घासले नाहीत.

आता तक्रार. अशा बातमीखाली कुणाला किती मिळणार याचे आकडे असतात, साल-वजनाची एक ओळ नसते. आमच्या गावातल्या एका पोरानं 'वैष्णोदेवीच्या पाचच्या नाण्याला दहा लाख' असं मोबाइलवर वाचलं. मग रिझर्व्ह बँकेतून बोलतो म्हणून फोन आला, आधी नोंदणी फी, मग कर, मग कुरिअर. ११,००० रुपये गेले, नाणं अजून त्याच्या खिशात आहे. असल्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे. पुढच्या वेळी जुन्या नाण्याची बातमी छापाल तेव्हा ते निवेदन त्याच चौकटीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावं, एवढी विनंती.

भाच्यासाठी वीस पेन्या बाजूला काढल्या आहेत. त्यांत १९८२ च्या दोन आहेत, एक तांब्याची, एक जस्ताची. कुठली कुठली ते त्यानं ओट्यावर टाकून सांगायचं.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
वाई, जि. सातारा (सध्या मुक्काम न्यू जर्सी)