घरची प्रार्थना

राहुरी,
जानेवारीचा दुसरा रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र चोवीस डिसेंबरला दुपारी हाती पडलं. त्याच दिवशी मला ऊसतोडीच्या तळावर नाताळच्या उपासनेला जायचं होतं, म्हणून पत्र बायबलमध्ये ठेवलं आणि बायबल पिशवीत. त्यानंतर ते चार वेळा वाचलं. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर मला आधी स्वतःच्या घरात शोधावं लागलं.

तू लिहितोस, "लेक बारा वर्षांची झाली, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसते पण मन तिथं नसतं. माझी दुसरी पाळी असली की प्रार्थनाच होत नाही. सुट्टीचा दिवस मंडळीच्या कमिटीत जातो. तुझ्या घरी तू कसं जमवतोस?" शेवटचं वाक्य वाचून मला लाज वाटली. मी चर्चच्या मंडळीचा पाळक, आणि पाळकाच्या घरात सगळं जमलेलं असतं असं तुला वाटतं. बोर्डिंगमध्ये एका ताटात जेवलेल्या मित्रापासून काय लपवायचं, म्हणून सगळं लिहितो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्यानं प्रार्थनेला बसायचं सोडलं. दहावीचं वर्ष, आधी अभ्यासाचं कारण सांगायचा. मग कारण सांगणंही बंद झालं. एका रात्री मी आवाज चढवला. धाकटीच्या आणि पाहुण्या आलेल्या सासूबाईंच्या देखत त्याला सतरंजीवर बसवलं आणि स्तोत्र मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं वाचलं. एकही शब्द चुकला नाही. मग बायबल मिटून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "पप्पा, तुम्ही घरीसुद्धा पाळकच असता."

एवढंच बोलून तो आत गेला. हिनं भांडी आवरली. मी बाहेर ओट्यावर बसून राहिलो आणि मला बायबलमधला याजक एली आठवला. मंदिराची सेवा आयुष्यभर केली, लहानग्या शमुवेलाला देवाचा आवाज ओळखायला त्यानंच शिकवलं, आणि घरातली दोन मुलं हातची गेली. या उताऱ्यावर मी किती वेळा उपदेश केला असेल! दर वेळी तो दुसऱ्या कुणासाठी आहे असंच धरून केला.

माझा आठवडा कसा जातो ते तुला माहीत आहे. रविवारी सकाळी इथली उपासना, दुपारी एका वाडीवर, संध्याकाळी दुसऱ्या. मधल्या दिवसांत घरोघरच्या प्रार्थना, आजारी माणसं, मयत, लग्नं. लोकांच्या घरी मी पाय जमिनीला टेकवून निवांत बसतो, म्हातारीचं गुडघ्याचं दुखणं अर्धा तास ऐकतो. घरी येतो तेव्हा माझ्यातलं ऐकणं संपलेलं असतं. मग बायबल काढतो, पाच मिनिटं वाचतो, दहा मिनिटं बोलतो आणि प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत काय असायचं सांगू? "प्रभू, याला वडिलांचा मान ठेवायची बुद्धी दे. हिला मोबाईलपासून सोडव." मुलं डोळे मिटून ते ऐकायची. बोलणं देवाशी चाललंय असं मी धरून चाललो होतो, पण ते टोमणे होते आणि मुलांना ते कळत होतं. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, "मी रोज तिच्यासमोर तिच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करतो." ही ओळ तू एकदा नीट तपासून पाहा. रागावून लिहीत नाही. माझी खोड तुझ्यातही असेल अशी भीती वाटते, म्हणून लिहितो.

आता नाताळच्या आदल्या रात्रीचं सांगतो. कारखान्याजवळच्या तळावर दुसऱ्या तालुक्यातून आलेली आपली सात-आठ कुटुंबं आहेत. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात, ती मार्चपर्यंत तिकडेच. आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, मुकादम नाताळची सुट्टी देत नाही. म्हणून आपणच त्यांच्याकडे जायचं. मी थोरल्याला म्हटलं, "ढोलकी वाजवायला कुणी नाही, येशील?" आला. मोटरसायकलवर मागे ढोलकी मांडीवर घेऊन बसला.

आठ वाजता पोचलो, तर निम्मी माणसं फडातच होती. ट्रक भरायचा राहिला होता. आम्ही त्यांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेत थांबलो. थंडी मरणाची. अर्ध्या तासानं एक बाई आली, डोक्यावर जनावरांसाठी वाढ्यांचा भारा. पाचटानं हात कापलेले, हनुवटीवरसुद्धा ओरखडा. भारा टाकला, हातपाय धुतले आणि कोपीच्या तोंडाशी चूल पेटवून भाकरी थापायला बसली. तिचं चार-पाच वर्षांचं पोरगं येऊन तिच्या मांडीला टेकलं. ती थापता थापता प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली. एक ओळ ती म्हणायची, मागून ते बोबडं म्हणायचं. रोजच्या भाकरीची ओळ आली तशी तिनं तव्यावरची भाकरी उचलली, फुंकर मारली, एक तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला आणि ती ओळ परत एकदा म्हणाली. पोरगं खायलाच लागलं. पुढची ओळ त्यानं म्हटली नाही. ती हसली, दुसरी भाकरी थापायला घेतली आणि राहिलेली प्रार्थना एकटीनंच हळू आवाजात पुरी केली.

दहानंतर उपासना झाली. भजनं झाली, मी बोललो, लेकरांना केक वाटला. त्यातलं मी काय बोललो हे मला आज आठवत नाही.

परत येताना रात्रीचा एक वाजला होता. बराच रस्ता तो गप्प होता. मग मागून म्हणाला, "पप्पा, त्या मावशीच्या पोरानं प्रार्थना अर्धीच सोडली."

"हो."

"ती चिडली नाही."

मी गाडी चालवत राहिलो. मला काही बोलता येईना.

एकतीस तारखेला वर्षाखेरच्या उपासनेला निघायच्या आधी मी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि मुलाची माफी मागितली. त्या रात्री सगळ्यांसमोर तुला बसवलं ते चुकलं, आणि प्रार्थनेच्या आडून मी तुम्हां दोघांना बोलत आलो तेही चुकलं, असं म्हणालो. मंडळीत पापकबुलीची प्रार्थना दर रविवारी मीच सांगतो, पण घरात, नाव घेऊन, मुलाच्या डोळ्यांत पाहून माफी मागायची माझी ती पहिलीच वेळ. तो काही बोलला नाही. दारामागची सतरंजी काढून अंथरली आणि तिच्यावर बसला. ही रडत होती.

मित्रा, यापुढे सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. अजूनही आठवड्यातून दोनदा तो बसत नाही. मी हाक मारतो, वाट पाहत नाही आणि रागावतही नाही.

काही गोष्टी मात्र आम्ही बदलल्या. प्रार्थना आता जेवण झाल्यावर होते. भुकेल्या लेकरांना दाऊदाची स्तोत्रं सांगण्यात अर्थ नाही. पंधरा मिनिटांच्या वर जात नाही. मी उपदेश करत नाही. आठवडाभर एकच उतारा असतो, रोज वेगळा माणूस वाचतो आणि आपल्या शब्दांत सांगतो. आपण तरुण संघातून केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहायला गेलो होतो ते आठवतं? रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबल करायला किती वर्षं घातली, कशासाठी, तर जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईलासुद्धा वाचून कळावं म्हणून. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेली बाई भाकरी-चटणीच्या मराठीकडे आली, आणि मी माझ्या घरात व्यासपीठावरची भाषा बोलत होतो! धाकटीनं परवा हरवलेल्या मेंढराचा दाखला, मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून एकाला शोधायला जातो तो, सांगितला तो असा: "नव्व्याण्णव मेंढरं म्हणत असतील, आमचं काय?" यावर आम्ही अर्धा तास बोललो. थोरलासुद्धा बोलला. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही.

गुरुवार हिचा. त्या दिवशी प्रार्थना ती चालवते आणि मी सतरंजीवर मुलांबरोबर बसतो. पाळकाच्या बायकोची सेवा कुणी मोजत नाही. दारी आलेल्या प्रत्येकाला चहा, महिला मंडळ, रडत आलेल्या सुना, सगळं तिच्याच माथी, वर घर. तिच्या प्रार्थनेत मी पहिल्यांदा ऐकलं की ती किती थकली आहे. अठरा वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.

तुझ्या दुसऱ्या पाळीचं म्हणशील, तर प्रार्थना तुझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायच्या वेळा सांगितल्या आहेत: घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. म्हणजे जे आपण रोज करतोच, तेच. तू लेकीला सकाळी शाळेच्या बसपर्यंत सोडतोस ना? ती दहा मिनिटं तुमची आहेत. त्यात तिला काही शिकवू नकोस, तिचं ऐक. रात्रीचं वाचन तुझ्या आईवर सोपव. आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहिताना प्रेषित पौल त्याच्या आजीचं, लोईसचं नाव घेतो, आई युनीकेचं घेतो. बाप तर ग्रीक होता. घरातला विश्वास आजीच्या पदराखालून पुढे गेला. माझ्या आजीला सही करता येत नव्हती, पण जात्यावर बसली की मेंढपाळाचं स्तोत्र ओवीत म्हणायची. मी ते वाचायला शिकायच्या आधीच मला पाठ होतं, पिठाच्या वासासकट.

आता वहिनींचं. त्यांनी अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही, म्हणून मंडळीतले लोक विचारतात, "बाप्तिस्मा कधी?" आणि तू कमिटीवर असल्यानं तुला ते जास्त टोचतं. मी राहुरीत बसून हे लिहितोय, म्हणून इथलीच गोष्ट सांगतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं सोडलं नव्हतं, चूल वेगळी. मग एक दिवस त्यांचा त्यांनाच प्रश्न पडला की ही जातपात देवानं केली की माणसानं, आणि उत्तरही त्यांचं त्यांनीच काढलं. १९०० साली, इथंच राहुरीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधली पाच वर्षं कुणी दारात उभं राहून रोज विचारत बसलं असतं, तर त्या आल्या असत्या का? टिळकांनी अपुरं ठेवलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' पुढे याच बाईनं पुरं केलं.

वहिनी तुझ्या आईचं सगळं करतात, लेकीला संडे स्कूलला वेळेवर तयार करून पाठवतात, उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, तुझ्याबरोबर उपवास धरतात. त्यांच्या मनात देव काय करतो आहे ते त्यांचं आणि देवाचं. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मान खाली घालू नकोस. "ती माझ्या घराची बरकत आहे," एवढं सांग आणि विषय बदल. आणि हे वहिनींच्या कानावर पडेल असं सांग.

कमिटीचं मला कडक बोलायचं आहे. तीनपैकी एक काम सोड. इमारत निधी, गायकवर्ग आणि तरुण संघ, तिन्ही तुझ्याशिवाय अडतात असं तुला वाटतं. मी गेल्या महिन्यात मंगळवारची संध्याकाळ बंद केली. मयत किंवा दवाखाना सोडून त्या वेळी मी कुणाकडे जात नाही. दोन वडीलधाऱ्यांना राग आला. येऊ दे. सेवा देवाची आहे, पण माझी मुलंही त्यानंच दिली आहेत आणि ती मोठी व्हायला थांबणार नाहीत. मंगळवारी आम्ही मुळा धरणाकडे जातो, कधी नुसते कट्ट्यावर शेंगा खात बसतो. गेल्या मंगळवारी थोरल्यानं विचारलं, "ती तळावरची मावशी परत घरी कधी जाईल?" मी सांगितलं, मार्च. तो म्हणाला, "तोवर एकदा परत जाऊ." आता फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी जायचं ठरलं आहे. या वेळी तो शाळेच्या जुन्या वह्या-पुस्तकं गोळा करतोय. तळावरची बरीच मुलं शाळेच्या पटावर आहेत, पण सहा महिने शाळेत नाहीत.

तू येशील का? लेकीला आण, वहिनींना आण. कोपीत बसून भाकरी खाऊ. आणि एक काम कर, तुझ्या वडिलांची भजनांची निळी वही घेऊन ये. तिच्यात नाताळाआधीच्या आगमनकाळातलं ते भजन आहे, ज्याची चाल ते पेटीवर वाजवायचे. मला शब्द येतात, चाल अर्धीच आठवते. थोरला परवापासून ढोलकीवर ठेका शोधत बसलाय आणि मला पुढचं सांगता येत नाही.

आईंना सलाम सांग.

तुझाच,
बोर्डिंगमधला सोबती