चराईचा ठराव १५ ऑगस्टलाच घ्या

संपादक महोदय,

दुष्काळी पट्ट्यात गायरानावर चराईबंदी आली की पावसाळ्यात गावकरी आणि मेंढपाळ यांची भांडणं ठरलेली. याचं एक कारण तारखांमध्ये आहे. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासोबत फिरणारी कुटुंबं, दसरा-दिवाळीनंतर कोकणात किंवा नदीकाठी उतरतात आणि मृगाच्या सुमारास परततात. म्हणजे त्यांना हमखास गाठता येईल अशी सभा १५ ऑगस्टचीच. ठराव जानेवारीत किंवा मेमध्ये झाला तर तो त्यांना कळतो परतल्यावर, चर खोदलेले आणि गिरिपुष्पाच्या झाडाची रोपं लावलेली पाहून.

बंदी मुळीच नको, असं आमचं म्हणणं नाही. पहिल्या पावसावरचा कोंब मेंढी मुळालगत कुरतडते. मुरमाड जमिनीत मुळं वरवर असतात, ठोंबच उपटून येतो. पहिले सहा आठवडे रान बंद हवंच. पण कायम बंद ठेवलेलं रानही बिघडतं. पवना, मारवेल ही गवतं फुलोऱ्यात कापली नाहीत तर नुसती काडी उरते, जनावर तोंड लावत नाही. कुसळी गवत माजतं, त्याची कुसळं लोकरीतून कातडीत घुसतात. आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने सगळं पेटतं.

गायरानाचे चार तुकडे करावेत, हद्दीला चुना फासलेले दगड ठेवावेत. एक तुकडा बी झडेपर्यंत बंद, दरवर्षी वेगळा. एक कापणीसाठी, गावच्या गायी-म्हशींना. उरलेल्या दोन तुकड्यांत पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने चराई. गवत चार बोटं उरलं की कळप हलवायचा. पाणवठ्याची वाट मात्र कोणत्याही तुकड्यात अडवू नये, दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी रुंद ठेवावी. सगळ्यात कडू भांडणं तिथेच होतात.

पीक निघाल्यावर लेंडीखतासाठी मेंढ्या रानात बसवायला धान्य-पैसे देणारा शेतकरी याच भागातला असतो. वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून रात्रभर कळप बसवतात त्याच्याच वावरात. पावसाळ्यात तोच कळप त्याला उपद्रव वाटावा, हे आम्हाला फार खटकतं. वनजमिनीपुरता तर भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) ठरावाला तुकड्यांचा कच्चा नकाशा जोडावा आणि त्यावर वाड्याच्या कारभाऱ्याचीही सही घ्यावी. दंड मेंढीला असेल तर गायीलाही असावा. नकाशा नसला की पुढच्या वर्षी कुठला तुकडा बंद ठेवायचा, यावरूनच वाद सुरू होतो.

– गायरान व कुरणांवर काम करणारे कार्यकर्ते, माणदेश