शर्म अल शेखच्या भाऊंना, मनापासून

सप्रेम नमस्कार,

इजिप्तमधल्या तुमच्या शर्म अल शेखजवळ, रास मोहम्मदच्या किनाऱ्यावर जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका मराठी बाईला तुम्ही हाताला धरून पाण्यात नेलंत. ती माझी आई. घरी येईल त्याला ती अजून प्रवाळांबद्दलच सांगत असते, आणि तुमचे आभार मानल्याशिवाय मला चैन पडत नाहीये.

ज्यांच्याकडे आम्ही सहलीचे पैसे भरले होते, त्यांनी तिला परस्पर बादच करून टाकलं होतं. ‘आजींना छत्रीखाली बसवा, त्यांना नाही झेपायचं.’ पैसे पूर्ण घ्यायचे, सिनाईच्या वाळवंटापर्यंत आणायचं आणि समुद्रापाशी आल्यावर खुर्ची दाखवायची! तिला एका शब्दाने विचारलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही तिलाच विचारलंत. चष्म्यावर मास्क बसेना म्हणून ती मागे फिरत होती. पाण्याखाली काचेतून सगळं जवळ आणि मोठं दिसतं, हे तुम्ही हातवारे करून तिला पटवलंत. लाल समुद्राला एकही मोठी नदी मिळत नाही, वर ऊन रणरणतं. त्यामुळे पाणी इतकं खारं की माणसाला तेच वर उचलतं. आई तरंगली. आजूबाजूच्या डोंगरांवर गवताचं पातं नाही आणि पाण्याखाली जांभळी, पिवळी, पोपटी बाग! इजिप्तने १९८३ साली हा भाग राष्ट्रीय उद्यान केला, ते किती बरं झालं.

पण माझ्या मनात घर केलंय ते नंतरच्या एका क्षणाने. आई बाहेर आली तेव्हा डोळे चुरचुरत होते, हात थरथरत होते, समोरचं काही दिसत नव्हतं. कुणी टॉवेल आणायच्या आत तुम्ही तिचा चष्मा स्वतःच्या बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याने धुतलात, कोरड्या रुमालाने पुसलात आणि अलगद तिच्या कानांवर चढवलात. काडी वाकडी तर नाही ना, हेही पाहिलंत.

हे कामाचा भाग म्हणून कुणी करत नाही. तुमच्यासारखी माणसं भेटतात, म्हणून म्हाताऱ्या आईला घेऊन परमुलखात जायचा धीर होतो.

बक्षिशी तुम्ही घेतली नाहीत. आपली आई सोहाग शहरात असते, असं बोलता बोलता म्हणाला होतात. माझ्या आईचा त्यांना नमस्कार सांगा. असा मुलगा वाढवला म्हणून तिला त्यांचे वेगळे आभार मानायचे आहेत.