पंधराव्या वर्षी तुझ्या डोक्यात काय चाललंय

राळेगाव, जि. यवतमाळ

चि. बाबू, अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू आईसमोर ताट आपटलंस आणि नंतर गोठ्यात जाऊन रडलास. तुलाही कळलं नसेल, काहून झालं ते. फोनवर हे बोलणं होत नाही, म्हणून लिहितो.

दवाखान्यात मी गोऱ्हे खच्ची करतो, ते तू पाहिलंस. चिमट्यानं नस दाबली की अंडकोषांतून रक्तात जाणारं टेस्टोस्टेरॉन नावाचं रसायन आटतं आणि मारका गोऱ्हा हळूहळू जुवाखाली मान देतो. १८४९ साली जर्मनीत बर्थोल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं हे कोंबड्यांवर तपासलं. अंडकोष काढलेले कोंबडे झुंजत नव्हते, नीट आरवतही नव्हते. काहींच्या पोटात अंडकोष परत बसवले, तर तुरा वाढला, बांग सुरू झाली. मज्जातंतू तर तुटलेलेच होते. म्हणजे निरोप रक्तातून जात होता.

तुझ्या रक्तात तेच रसायन आता कितीतरी पटींनी वाढलंय. हुकूम मेंदूच सोडतो आणि परिणाम मेंदूवरही होतो. पण माणसाचं गोऱ्ह्यासारखं नसतं, बाबू. माणसात ते नुसती मारामारी वाढवत नाही, चारचौघांत मान मिळवायची भूक वाढवतं. मान कशाला द्यायचा, ते सोबतचे पोट्टे ठरवतात. कबड्डीला देतील तर तू कबड्डीत जीव ओतशील, गाडी पळवण्याला देतील तर गाडी पळवशील. ओढ आणि राग पेटवणारे भाग या वयात जोरात असतात. कपाळामागचा, पुढचा विचार करून थांबवणारा भाग विशी ओलांडली तरी घडतच असतो. म्हणून एकटा असताना तू शहाणा असतोस आणि दोस्त पाहत असले की तोच तू ट्रिपल सीट बसतोस. तेव्हा गाडीवरून उतर. कोणी हसलं तर हसू दे.

रात्री झोप उशिरा लागते, तेही या वयाचंच आहे. सुट्टीत तुला पाचला उठवू नको, असं आईला सांगितलंय.

झोपेत कपडे ओले झाले तर तो रोग नाही, त्यानं कमजोरी येत नाही. बाजारात तंबू टाकून बसलेल्या वैद्याकडून पुडी घेऊ नको. एखादी मुलगी आवडली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती नाही म्हणाली तर मात्र तिच्या मागं फिरायचं नाही.

आणखी काही विचारावंसं वाटलं तर कागदावर लिहून दे. मी एकटाच वाचीन.

तुझा बाबा